राधाकिशननं डोळ्याला कुंकू लावलं

आन् हे बी लिही, की तो चप्पल घालूनच घरात येतो, पार चुलीपावतर. थांबलीस कावून? लिही की. तुला कालिजात सांगितलंय ना, गावातल्या कर्तबगार मानसाची माहिती आना, अंकात छापायची हाय म्हनून? मग त्यात चप्पल आलीच. तू लिहून आनलंस, "राधाकिशन काका हे आमच्या युसूफ वडगावचे ऑटोमेशनचे जानकार." ते वाचून दावलंस तवा मला ठसका लागला. ते पान ठेव बाजूला. आता मी सांगते ते लिही, माझ्या तोंडून निघंल तसं. तुझ्या मास्तराची भाषा त्यात घुसवू नको, संस्कृती पोरी. आन् खाली बघून लिही, हसू नको.

तर राधाकिशन. माझी धाकली भईन साखराबाई, तिचा एकुलता एक. मी त्याची सख्खी मावशी, म्हनून मला बोलायचा हक्क हाय. पोरगं लहानपनापासून एका गुनाचं. काई बी सांडू दे, तुटू दे, त्याचं बोट दुसऱ्याकडं. एकदा साखराबाईनं त्याला वासरू बांधाया सांगितलं. ह्यानं बांधलं न्हाई, गेला गोट्या खेळाया. वासरानं गाईचं सगळं दूध पिऊन टाकलं. मी तिथंच होते. साखराबाई म्हनली, "आरं, वासरू सुटलं कसं?" तर हा म्हनतो, "वासरानं दावं सोडलं." मी म्हनलं, "कशानं रं? वासराला काय बोटं हायत?" तर साखराबाई माझ्यावरच उलटली. "अक्का, लेकराला दरडावू नको, मग ते जेवत न्हाई." तिथंच बिघडलं बघ ते. त्या दिवशी त्याला कळलं, की समोरच्याला बोलता येत नसलं की काम सोपं होतं.

मग अंबाजोगाईला शिकाया गेलता, तिथनं पुन्याला कसला तरी कोर्स केला. परत आला तो पाठीला काळी पिशवी, डोळ्याला चष्मा आन् खिशाला टेस्टर. टेस्टर म्हंजी ते लाइट हाय का न्हाई बघायचं, पेनासारखं. ते खिशाला कायम. लग्नात बी. त्यानं स्क्रू फिरवताना मी त्याला अजून बघितलं न्हाई. केजच्या रस्त्याला विजयसिंहची सरकीच्या तेलाची मिल हाय, तिथं त्याला ठेवला. विजयसिंहनं तवा नवी मशिनरी आनली होती, आन् तिच्यात एक लोखंडी कपाट होतं, कपाटात एक पेटी. ती पेटी कळनारा गावात हा एकटाच. झालं. त्या दिवसापासून राधाकिशन जमिनीवर चालायचा बंद झाला. कपाटाची किल्ली करदोड्याला बांधली. लोक कमरेला किल्ली लावत्यात ती तिजोरीची. ह्याची पेटीची. जेवाया बसला की ती किल्ली पाटावर टन करून आपटायची, म्हंजी सगळ्यांनी इचारावं, "ही कशाची?" आन् ह्यानं सांगत बसावं.

मैतीला गेला तरी फोनवर वरडतो, "इनपुट आलंय का बघ. दिवा लागलाय का बघ. कशाला हात लावू नको, मी येतो." मागं आमच्या गल्लीत गहिनीनाथच्या म्हातारीला उचलायचं होतं, खांद्याला मानसं कमी, आन् हा चिंचेखाली उभा, "दिवा लागलाय का, दिवा." म्हातारीचा दिवा इझला, हा मशिनीचा इचारतोय.

आता ती पेटी काय हाय ते सांगते, न्हाईतर वाचनाराला पुढचं कळायचं न्हाई. तिला पीएलसी म्हनत्यात. मला ते राधाकिशननंच सांगितलंय, इथंच, ह्याच पाटावर बसून. म्हनला, "मावशी, सोपं करून सांगतो, तुमच्या डोक्याला झेपंल असं." बघ म्हंजी. माझ्या हातचे धपाटे खात खात माझंच डोकं काढलं. मी म्हनलं, सांग.

म्हनला, "ही पेटी म्हंजी मिलीचा मेंदू. एका बाजूनं तिच्यात वायरी येत्यात. एक वायर डोळ्याची, एक वजनकाट्याची, एक बटनांची. त्या तिला निस्तं हाय का न्हाई एवढं सांगत्यात. डबा हाय का न्हाई, वजन भरलं का न्हाई, बटन दाबलं का न्हाई. त्याला इनपुट म्हनायचं. दुसऱ्या बाजूनं वायरी भायेर जात्यात, पट्ट्याच्या मोटरीला, तेलाच्या तोटीला. ते आउटपुट. आन् मधी प्रोग्राम. तो मी लिहितो. तो शिडीवानी असतो, एकेका पायरीवर एकेक हुकूम."

"कसला हुकूम?" मी इचारलं.

त्यानं ताटातला धपाटा बाजूला सारला आन् माझा तेलाचा डबा पुढं ओढला. "समजा हा डबा पट्ट्यावरून आला. पट्ट्याच्या कडंला डोळा बसवलाय, बटनाएवढा. त्यातून उजेड निघतो, समोरच्या चकचकीत पत्रीवर आपटून परत त्याच्याकडं येतो. मधी डबा आला की उजेड अडतो, परत येत न्हाई. उजेड आला न्हाई म्हंजी डबा आला, असं डोळा पेटीला सांगतो. खाली काटा हाय, तो सांगतो भरला का न्हाई. पेटी पायरी वाचती. डबा हाय, आन् भरला न्हाई. ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या, तर पट्टा थांबव आन् तोटी उघड. दोन्हीतली एक जरी खोटी झाली, तर तोटी बंद. समजलं का?"

"समजलं. तू घरात लहान होतास तवा आमी बी असंच करत होतो. ताट समोर हाय आन् पोट भरलं न्हाई, तर वाढ."

"हां, तसंच," म्हनला, पर त्याला ते आवडलं न्हाई. एवढ्या मोठ्या पेटीचं मी ताट केलं म्हनून. पुढं म्हनला, "वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपावतर वाचायचं, करायचं, परत वरून सुरू. डोळ्याची पापनी लवायच्या आत कितीदा तरी. बघायचं, ठरवायचं, करायचं, परत बघायचं. मिल चालू हाय तवर तेच."

"आन् इचार कवा करती?"

"इचार न्हाई करत मावशी. इचार आपुन आधी करून ठेवायचा. ती निस्तं पाळती."

"मग तिला मेंदू कावून म्हनतूस? ही तर नवी सून झाली. सांगितलं तेवढं केलं की परत दारात उभी."

मंजुळाबाई, त्याची बायको, ती संग आलती, ती पदर तोंडाला लावून हसली. ह्यानं तिच्याकडं असं बघितलं की तिचं हसू तिथंच वाळलं.

आन् तेवढ्यात घरातली लाइट गेली. ह्ये नीट लिही संस्कृती, ह्याच्यावरच पुढं सगळं हाय. मी म्हनलं, "आता मिलीतली बी गेली असंल. तुझी पेटी सगळं इसरली का मग?" तर पोट धरून हसला. म्हनला, "मावशी, लाइट जाऊ दे, येऊ दे, कुनी लाल बटन दाबू दे, प्रोग्राम जागचा हालत न्हाई. पट्ट्याच्या दोन्ही टोकाला लाल बटनं त्यासाठीच हायत. कुठलं बी एक दाबलं की मोटरीची आन् तोटीची लाइटच तुटती, पेटीला इचारायचं काम न्हाई. पेटी आपली शाबूत. मी स्वतः लॅपटॉप जोडल्याबिगर तिच्यातलं एक अक्षर कुनाच्या बापाला बदलत न्हाई." बापाला म्हनला, मावशीसमोर. पर ऐकलं मी. ध्यानात ठेवलं.

आता चतुराबाई. आपल्या गल्लीत तिसरं घर तिचं, तुला म्हाईतच हाय, पर वाचनाराला सांग. ती त्या पट्ट्यावर रिकामे डबे ठेवते. मिल जुनी होती, नरसाळं लावून हातानं डबे भरत होते, तवापासून ती तिथं हाय. तिच्यामागं घरात कमावनारं दुसरं कोन न्हाई. आन् ती काई गरीब गाय न्हाई. तोंडाची फटकळ. विजयसिंहला तोंडावर सांगती, "मालक, पंखा बसवा, न्हाईतर इलेक्शनला आमच्याकडं मतं मागाया येऊ नका." म्हनून राधाकिशनला ती पैल्यापासून खुपत होती. ती त्याला "साहेब" न्हाई म्हनत. "राधाकिशन" म्हनती, कारन तिनं त्याला लहानपनी नागडा बघितलाय.

खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजायची, कुऱ्हाड, खुरपं, इळा, शिलाई मशीन, टॅक्टर. मिलीत बी सगळी मशिनरी धुऊन पुसून, झेंडूच्या माळा. आजपावतर ती पूजा मिलीतली सगळी मिळून करायची, बाया बी. औंदा राधाकिशन म्हनला, "हे इलेक्ट्रॉनिक हाय, कुनी बी हात लावायचा न्हाई. पूजा मी करनार." सोवळं नेसून आला, किल्ली तशीच करदोड्याला. विजयसिंह फेटा बांधून उभा, फोटोवाला बोलावला. ह्यानं कपाटाला हार घातला, मोटरीला घातला, आन् मग पट्ट्याजवळ गेला, फोटोवाल्याला म्हनला, "हा मशिनीचा डोळा, सगळ्यात महत्त्वाचा. ह्याचा काढ." आन् हळद-कुंकू पान्यात कालवून जाड केलं होतं, त्यात अंगठा बुडवून त्या डोळ्याला टिळा लावला. कपाळाला न्हाई. डोळ्यालाच. बरोबर काचंवर, दाबून, फोटो येईपावतर अंगठा धरून. तो फोटो विजयसिंहच्या हाफिसात अजून लावलाय, बघून ये.

खरं सांगते, ही चूक कुनाची बी झाली असती. पूजा हाय, हात गेला. मानूस चुकतं. ह्याचं मला काईच न्हाई.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिल चालू करायची. राधाकिशननं कपाटापाशी हिरवं बटन दाबलं आन् गेला गेटवर च्या प्याया. गेटवर मैनुद्दीन केळीवाला बसतो, त्याच्याच तोंडून मी ह्ये ऐकलं. तिकडं पट्ट्यापाशी चतुराबाईनं अजून एक बी डबा ठेवला न्हाई, आन् तोटी उघडली. कुंकू काचंवर वाळून खडक झालतं. उजेड भायेर पडंना, परत येईना. डोळा पेटीला सांगतोय, डबा हाय. काटा सांगतोय, भरला न्हाई. दोन्ही खरं. मग पेटी बिचारी काय करंल? तिनं तोटी उघडी ठेवली. डबाच न्हाई तर वजन भरायचं कवा? तेल आपलं पट्ट्यावर, पट्ट्यावरून फरशीवर, फरशीवरून नालीत. चतुराबाई वरडली, "राधाकिशन, आरं तेल चाललं." साहेब च्या पितोय. मग ती धावली आन् लाल बटन दाबलं. तोटी बंद. तवर नालीतलं तेल गेटपावतर आलतं, मैनुद्दीन म्हनतो, "खाला, माझ्या गाड्याच्या चाकाखालून सरकीचं तेल वाहत होतं, मला वाटलं मी खुळा झालो."

राधाकिशन पळत आला. फरशीवर घसरून आपटला, तेवढं देवानं बरं केलं. उठला, किल्ली लावून कपाट उघडलं. पेटीवर बारीक दिवे असत्यात, एकेका वायरीला एकेक. कोन काय सांगतंय ते दिव्यावरून कळतं. ह्यानं बघितलं, मग पट्ट्यापाशी गेला, सगळ्यांकडं पाठ करून डोळ्यापाशी वाकला. मग परत आला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. बसला ते बसलाच. बोटं आपटायची, मान हालवायची, "अरेरे" म्हनायचं. मग बटन दाबलं, मिल चालू. विजयसिंह तवर आलता. त्यानं इचारलं, "काय झालतं?"

आन् हा काय म्हनला ते त्याच्याच शब्दात लिही. "मालक, बाईनं लाल बटन दाबलं, त्यानं प्रोग्राम बिघडला. मी परत नीट केला. अडानी बाई मशिनीजवळ ठेवली की असंच होनार."

वासरानं दावं सोडलं.

चतुराबाई म्हनली, "तेल आधी सांडलं, बटन मी मागून दाबलं. मागून दाबलेल्यानं आधीचं कसं बिघडलं?" किती सरळ बोलली बघ. पर विजयसिंहला मिलीतलं काई कळत न्हाई, त्याला इलेक्शनीतलं कळतं. समोर एक लॅपटॉपवाला आन् एक डबे ठेवनारी. तो म्हनला, "चतुराबाई, तुमी आता घरी ऱ्हावा. बघू पुढं."

घरी ऱ्हावा. बोलाया सोपं हाय. ती मग माजलगावकडच्या जिनिंगला इचाराया गेलती. तिथला मुकादम म्हनतो, "तूच का ती कंप्युटर बिघडवनारी?" म्हंजी तिच्याआधी तिचं नाव जाऊन पोचलं होतं. युसूफ वडगावच्या बाजारात बाया तिला हाक मारून हसाया लागल्या, "चतुराबाई, आमच्या मोबाईलला हात लावू नको बरं." ती हसून सोडायची. पर घरी येऊन चूल पेटवायची न्हाई. मी भाकरी घेऊन जायचे तर म्हनायची, "जिजी, मला काम जाऊन वाईट न्हाई वाटत. मी बिघडवलं म्हनत्यात त्याचं वाटतं. आता कुठं बी गेले तरी हे माझ्याआधी जाऊन बसनार."

मला संशय होताच. लाइट गेल्यावर शाबूत ऱ्हानारा प्रोग्राम बाईच्या बोटानं कसा जातो? पर निस्त्या संशयावर मी कुनाला बोलत न्हाई. दिवाळीच्या आधी मंजुळाबाई आली. बसली, इकडचं तिकडचं बोलली, मग म्हनती, "मावशी, तेलाचा डाग कशानं निघतो?"

"राखंनं घास."

"आन् कुंकवाचा?"

"लिंबू लाव. कावून?"

"दोन्ही एकाच जागी हायत. राखंनं घासलं तर कुंकू पसरतंय, लिंबू लावलं तर तेल तसंच. ह्यांचा रुमाल हाय. मिल चालू झाली त्या दिवशीचा. चुरगाळून आनला आन् म्हनले, गुपचूप धू."

"गुपचूप म्हनला?"

"हां."

त्या मंजुळाला अजून काई कळलं न्हाई, सरळ डाग इचाराया आलती. मी तिला म्हनलं, "बाई, तो रुमाल धुऊ नको. आन् उद्या तुझ्या नवऱ्याला धपाटे खायाला पाठीव."

आला. चप्पल घालूनच आला. बसला, किल्ली पाटावर टन केली. मी धपाटे वाढले, दही वाढलं, म्हनलं, "राधाकिशन, मागं तू सांगितलंस ते मी इसरले. तो डोळा कसा काम करतो रं?" खुलला की. परत डबा ओढला, परत उजेड, परत पत्री. मी मान हालवत ऐकत होते. देवाऱ्यातला कुंकवाचा करंडा पदराखाली घेऊन बसले होते. तो सांगतोय, "आन् उजेड अडला की डोळ्याला वाटतं," आन् मी हात पुढं केला आन् त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांना कुंकू फासलं. आधी वलं करून ठेवलं होतं.

"मावशी, हे काय?"

"पूजा हाय. तुझ्या डोळ्यांची. आता सांग, ताटात धपाटा हाय का न्हाई?"

त्यानं हात पुढं करून चाचपलं.

"सांग की. ताट मी कवाच उचललंय. का हाय अजून? तू सांगशील तसं मी वाढते. तू हाय म्हनशील तर मी थांबते, न्हाई म्हनशील तर वाढते, अशी पायरी हाय माझी."

त्यानं चष्मा काढला. हातात धरून बसला. मग म्हनला, "दिवा लागलेला होता मावशी. डबा न्हाई आन् डब्याचा दिवा लागलाय. मला तवाच कळलं."

"मग बोलला न्हाईस कावून?"

"काय बोलू? मालकासमोर? मी स्वतः लावलं म्हनून? फोटो हाय त्याचा. सगळी मिल हसली असती मला."

"आन् आता तिला हसत्यात ते?"

"ती काय, तिला सवय हाय."

हे लिहिलंस का? "तिला सवय हाय." त्याच्या कर्तबगारीत हे पैल्या वळीला टाक. मी त्याला म्हनलं, "उद्या जा, विजयसिंहला खरं सांग, चतुराबाईला परत आन. न्हाईतर तुझ्या बायकोकडं रुमाल हाय." तर मला म्हनतो, "आनतो मावशी, आनतो. पर माझ्या पद्धतीनं."

त्याची पद्धत ऐक. विजयसिंहकडं गेला आन् म्हनला, "मालक, मी प्रोग्राममधी एक नवी पायरी टाकलीय. आता कुनी अडान्यानं लाल बटन दाबलं तरी बिघडायचं न्हाई. चतुराबाईला परत घ्यायला हरकत न्हाई." म्हंजी जे कवाच बिघडत नव्हतं, ते ह्यानं न बिघडनारं केलं. विजयसिंह खुश. दिवाळीच्या पाडव्याला मिलीत बोलावून त्याला शाल दिली, नारळ दिला, फेटा बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बी होते तिथं, मी न्हाई वाजवल्या. माझे हात कामाचे हायत. शाल घेताना तो माझ्याकडं बघत नव्हता. तीच शाल पांघरलेला त्याचा फोटो तू काढलास, अंकात द्याया.

आन् चतुराबाईला निरोप गेला. मिलीचा मुनीम आला, म्हनला, "मालकांनी माफ केलंय, उद्यापासून या. निस्तं एवढंच, की लाल बटनाला हात लावायचा न्हाई. काई झालं तर साहेबाला हाक मारायची."

मी तिच्या वट्ट्यावरच होते. ती ज्वारी निवडत होती. वर बघितलं न्हाई. म्हनली, "साहेब च्या पित असंल तर?"

"तर थांबायचं."

"आन् उद्या तेलाऐवजी कुनाचा हात गेला पट्ट्यात, तरी थांबायचं?"

मुनीम चपला घालाया लागला. ती म्हनली, "जाऊन सांगा मालकाला. माफी मला नको. मी काई केलंच न्हाई तर माफ काय करताय? मी येते. पर बटन मी दाबनार. डोळ्यानं दिसलं की दाबनार, इचारनार न्हाई. आन् त्या दिवशी मी बिघडवलं न्हाई एवढं चार मानसांत बोला, मग येते. न्हाईतर ज्वारी निवडायला मला कुनाची परवानगी लागत न्हाई."

मुनीम गेला. अजून परत आला न्हाई. पट्ट्यावर आता दुसरी पोर उभी हाय, राधाकिशननं ठेवलेली. तिला सांगितलंय बटनाकडं बघायचं बी न्हाई. मला रातंदिस त्या पोरीचंच येतं मनात. पेटीला इचार नसतो ते ठीक हाय, लोखंड हाय ते. तिला खोटं सांगितलं तर ती खोट्यावर चालती, खरं सांगितलं तर खऱ्यावर, तिला लाज बी न्हाई आन् गर्व बी न्हाई. ह्या राधाकिशनला मात्र सगळं दिसतं. दिवा लागलेला दिसतो. दिसून बी गप बसतो. त्याच्यापरीस ती पेटी चांगली, निदान तिचे दिवे तरी भायेर लागत्यात.

मी त्याला परवा म्हनलं, "चारचौघांत सांग." तर म्हनतो, "मावशी, माझा संसार हाय." चतुराबाईचा काय खेळ हाय का? मंजुळाबाईनं रुमाल माझ्याकडं आनून दिलाय, तिनं बी मन घट्ट केलं बिचारीनं. कडीच्या डब्यात हाय, न धुतलेला. तरी मी स्वतः विजयसिंहकडं जाऊन तो दावला न्हाई, कारन साखराबाई मरताना त्याचा हात माझ्या हातात देऊन गेली. तवा मी घरातलं घरात मिटवाया बघितलं. आता घरात मिटत न्हाई. तू अंकाचं इचारलंस ते बरं झालं.

म्हनून जो कुनी हे वाचनार हाय त्याला माझं सांगनं हाय. तुमच्यातला कुनी त्या मिलीकडं गेला, डबा घ्याया म्हना, सरकीची पेंड आनाया म्हना, तर विजयसिंहच्या हाफिसात जावा. तिथं भिंतीवर खंडेनवमीचा फोटो हाय, राधाकिशनचा अंगठा डोळ्यावर. विजयसिंहला एवढंच म्हना, राधाकिशनच्या मावशीनं, छबुबाईनं सांगितलंय, हा फोटो नीट बघ, तेल का सांडलं ते ह्याच्यात हाय. रुमाल बघायचा असंल तर माझ्याकडं ये. आन् चतुराबाईला चार मानसांत बोलावून लाल बटनापाशी उभी कर. आन् तिथं जी नवी पोर उभी हाय ना, तिच्या कानात सांगा, बाई, तेल सांडताना दिसलं की बटन दाब. साहेबाची वाट बघू नको.